ओवाळलेलं मीठ

विजू,

तुझ्या तेराव्याची पंगत उठल्यावर यावलचा तुझा मावसभाऊ म्हणाला, "वहिनी, विजूताईची एखादी गंमत सांगा ना. तुमच्यासारखी कुणाला सांगता येते?" असं कुणी म्हटलं की माझी जीभ सैल सुटते, हे तुला ठाऊकच आहे. मी रेडिओची गोष्ट सांगितली. दहा वर्षांच्या विजूनं आईंचा जिवापाड जपलेला रेडिओ फडताळावरून कसा पाडला, त्यानंतर तो नुसता खरखरतच कसा राहिला, आणि आईंनी विजूच्या पाठीत दोन कशा घातल्या. मी आईंचा आवाज काढला. तुझं मुसमुसणंसुद्धा काढून दाखवलं. माणसं हसली. आमचे हे, तुझे भाऊ, तेसुद्धा तू गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

रेडिओ मी पाडला होता.

जगात हे दोघींनाच माहीत होतं. आता एकीलाच माहीत आहे, आणि त्या एकीनं भर तेराव्याला ते पुन्हा तुझ्यावरच ढकललं.

काय ध्यान होतं तेव्हाचं. धुळ्याकडच्या खेड्यातून जळगावात आलेली विशीतली सून, लग्नाला तीन महिने झालेले, अंगावर नवं पातळ आणि डोक्यात सिनेमा. सासूबाई बाजारात गेल्या की ही बया झाडू हातात धरून रेडिओच्या गाण्यावर नाचायची. नाच म्हणजे म्हैस चिखलातून पाय उपसते तसं काहीतरी. त्यात कोपर लागलं आणि रेडिओ खाली. तू, माझी एवढीशी नणंद, कोपऱ्यात पाढे लिहीत बसली होतीस. मी झाडू टाकून पिठाला हात घालते तोच आई दारातून आत आल्या, आणि त्यांनी काही विचारायच्या आत तू उभी राहून म्हणालीस, "माझ्याकडून पडला." दोन धपाटे बसले. मी परातीशी बसून भाकरी थापत राहिले. गोल आली होती भाकरी, हे अजून आठवतं. लाज कशाकशाची वाटावी, याचाही काही हिशेब नाही.

नंतर तुला गूळ-शेंगदाणे देत मी विचारलं, तू का सांगितलंस तसं? तू गुळाचा खडा गालात धरून म्हणालीस, "तुला मारलं असतं तर तू धुळ्याला निघून गेली असतीस. मला मारलं तर मी कुठे जाणार?"

मी हसले होते. मला तो विनोद वाटला होता.

तुझ्या लग्नाचा विषय निघायचा तेव्हाही मी विनोदच करायचे. तू लग्न का केलं नाहीस, हे मी तुला एकदाही सरळ विचारलं नाही. आधी कॉलेजात शिकलीस, मग तिथेच रसायनशास्त्र शिकवू लागलीस, आणि मेहरूणच्या या घरात माझ्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहिलीस. भांडलो आपण खूप. सगळ्यात जास्त भांडलो दृष्ट काढण्यावरून. घरात कुणाला ताप आला की मी मीठ-मोहरी घ्यायची आणि तू दारात उभं राहून म्हणायचीस, "वहिनी, तुझं मीठ एकदा माझ्या प्रयोगशाळेत आण. बघू त्यात काय आहे." मी म्हणायचे, "आणीन कधीतरी."

आणलं, विजू. तेच सांगायला बसले आहे.

आई पोटातल्या गाठीनं गेल्या त्या वर्षी तू पीएचडीला नाव घातलंस. शेहेचाळीस वर्षांची होतीस. मी म्हटलं, "आता अभ्यास करून कुणाला दाखवायचाय?" तू रागावली नाहीस. पोळपाट सरकवून माझ्यापुढे बसलीस.

"वहिनी, चुलीच्या नुसत्या धगीवर भाकरी धरली तर भाजते का?"

"वाळते. चामडं होतं तिचं."

"आणि तव्यावर?"

"तव्यावर भाजते. हे शिकायला पीएचडी लागते का?"

"ऐक ना. रेडिओच्या लहरी म्हणजे धग समज. त्या अंगातून जातात, पण अंगाला फारसं काही होत नाही. आता गाठीच्या पेशींमध्ये आधी सोन्याचे बारीक कण नेऊन बसवले, तर ते कण म्हणजे तवा. बाहेरून लहरी सोडल्या की तवा तापेल आणि तेवढ्याच पेशी भाजतील. शेजारच्या नाहीत. चिरफाड नाही."

"केवढे कण?"

"केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी बसतील एवढे."

"म्हणजे तवा दिसणारच नाही. मग भाकरी टाकायची कुठे?"

"तू नको टाकूस, माझी आई."

हसत होतीस. मग हळूच म्हणालीस, "आईच्या वेळी असं काही असतं तर." मी काहीतरी चावट बोलणार होते, ते तेवढं मी गिळलं. आयुष्यात गिळलेल्या मोजक्या विनोदांपैकी तो एक.

पहिली बाटली तू घरी आणून दाखवलीस तेव्हा मात्र मला राहवेना. डाळिंबाच्या रसासारखं लालबुंद पाणी. म्हणालीस, हे सोनं. मी हातातल्या पाटल्या तुझ्यापुढे वाजवल्या. "बाई गं, जळगावात राहून सोन्याचा रंग मला शिकवतेस? तुला कुणीतरी फसवलं." तू समजावलंस की सोनं इतकं बारीक झालं की त्याचा रंगच बदलतो. आधीच्या बाटल्यांत मिठाचा कण पडला तरी पाणी निळं पडायचं, म्हणून आता कणांवर लेप चढवला आहे, मिठानंही बिघडत नाहीत. हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं. बाकीचं कानावरून गेलं, पण मीठ म्हटलं की माझे कान टवकारतात.

तुझी वहीसुद्धा मला तेव्हाच दिसली. जाड पुठ्ठ्याची, पानांवर आकडे छापलेली. त्यात चुकलेल्या जागी नुसती एक आडवी रेघ, खालचा आकडा स्वच्छ दिसत होता. मी म्हटलं, "हे काय खोडणं झालं? शाळेत छडी बसली असती. नीट गिरवून खोड की." तू म्हणालीस, "खोडलेलं वाचता आलं पाहिजे, वहिनी. नाहीतर चूक कुठे झाली ते कसं कळणार? एक रेघ, बाजूला सही आणि तारीख." मी मनात म्हटलं, कसला हा नवा शौक, चूक जपून ठेवायचा.

मग तो मे महिना आला. कॉलेजला सुट्टी, विभागातला फ्रिज बिघडलेला, आणि बाहेर जळगावचं ऊन. तू बाटल्या स्टीलच्या डब्यात घालून घरी आणायला लागलीस आणि आपल्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवायला लागलीस. पाच लाल आणि एक साध्या पाण्याची. ती साधी कशाला, असं मी विचारलं तर म्हणालीस, तुलनेला. दोन्हींवर लहरी सोडायच्या. साधं पाणी थंड राहिलं आणि लाल तापलं, तर ती ताकद सोन्याची.

दोन दिवसांनी शेजारच्या कांताबाई विरजण मागायला आल्या. बाजारात त्यांच्या घरची तीन पिढ्यांची सराफी पेढी. मी फ्रिज उघडला आणि त्यांची नजर डब्यावर गेली. झाकण अर्धं उघडं होतं.

"हे काय हो, रुह अफ्जा?"

"सोनं आहे ते. आमच्या विजूचं."

कांताबाईंनी एक बाटली उचलून खिडकीपाशी धरली. "काय रंग आहे. इतकी वर्षं सोन्यात गेली आमची, पण असं सोनं नाही बघितलं." आणि त्यांनी एक सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मला अजून ऐकू येतो. बिचारीच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी सुस्काऱ्याची लांबी मोजली.

संध्याकाळी दिवा लावला. तू तुझ्या खोलीत पेपर तपासत होतीस. मी मिठाची बरणी काढली. मिरच्या घेतल्या नाहीत, जाळल्या असत्या तर ठसका लागून तू आत आली असतीस. मूठभर मीठ डब्यावरून तीनदा ओवाळलं. घरच्यादारची, आल्यागेल्याची, सराफाच्या शेठाणीची, असं पुटपुटले. आता ओवाळलेलं मीठ चुलीत टाकायचं किंवा पाण्यात सोडायचं. गॅसवर टाकलं तर तडतडेल. आणि पाणी तर समोरच होतं.

मी बुचं काढली आणि लाल बाटल्यांत चिमूट चिमूट मीठ सोडलं. बोटानं टिचकी मारून हलवलं. रंग बदलला नाही. तूच तर म्हणाली होतीस, मिठानं काही होत नाही. साध्या पाण्याच्या बाटलीत मात्र टाकलं नाही. साध्या पाण्याला कोण दृष्ट लावणार?

सत्तावन्न वर्षांची बाई, दोन नातवंडांची आजी. विशीतली ती झाडूवाली निदान नाचताना मजेत तरी होती. ही तर स्वतःला फार शहाणी समजून करत होती.

दुसऱ्या दिवशी तू दारात चपला न काढताच आत आलीस. तू, जी घरात चप्पल आली की मला बोलायचीस. "तापल्या, वहिनी. पाचही तापल्या. साधं पाणी जिथल्या तिथे." आणि मला मिठी मारलीस. हातात कणीक होती माझ्या, तुझ्या पाठीवर पांढरी बोटं उमटली. मी इतकी खूश झाले, विजू, की तुला सांगता येत नाही. तुझ्यासाठी झाले आणि स्वतःसाठीही झाले. मनात म्हटलं, बघ माझं मीठ.

पुढच्या खेपेच्या बाटल्यांनाही मी तसंच केलं, आणि त्याच्या पुढच्याही. दर खेपेला त्या तापायच्या. तू धुळ्याच्या एका कॉलेजात चर्चासत्राला तुझे आकडे मांडलेस. मी सोबत आले. एसटीत खिडकीशी बसून तू सगळा वेळ ओठांतल्या ओठांत पाठ करत होतीस. सभागृहात मी मागच्या रांगेत बसले. पडद्यावर तुझ्या दोन रेषा आल्या, एक सपाट आणि एक वर चढत गेलेली. टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईला मी म्हटलं, "नणंद आहे माझी." ती चढत गेलेली रेषा माझी होती, हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं.

तुझ्या भाऊंनी लगेच पाटी करायला टाकली. पितळी, तुझ्या नावाआधी "डॉ." कोरलेली. तू म्हणालीस, "अहो भाऊ, अजून वेळ आहे." ते म्हणाले, "असू दे, घासून ठेवू."

मग माझ्या भाच्याच्या मुलीचं लग्न निघालं आणि मी पंधरा दिवस धुळ्याला जाऊन राहिले. परत आले तर तुझे गाल बसलेले. बाटल्या तापत नव्हत्या. तू पुन्हा नव्या केल्यास, त्याही नाही. मला आधी काय वाटलं सांगू? मला वाटलं, बघ, मी नव्हते म्हणून. पण आता तू बाटल्या घरी आणणं बंद केलं होतंस. "कॉलेजातच राहू दे त्या," एवढंच म्हणालीस. मला रागसुद्धा आला.

आणि एका संध्याकाळी जेवताना तू भाऊंना सांगितलंस. शेवभाजी केली होती मी. तू ताटाकडे बघत म्हणालीस, "भाऊ, जुन्या बाटल्यांत मीठ निघालं."

"मीठ?"

"साधं खायचं मीठ. मिठाचं पाणी त्या लहरींत भराभर तापतं. सोन्याचं काही नव्हतं त्यात. मिठाचं होतं सगळं."

माझ्या हातात वाढायचा डाव होता. तो तसाच राहिला. मला काही समजायचं शिल्लक नव्हतं.

भाऊ म्हणाले, "पण मीठ आलं कुठून?"

"पडलं असेल," तू म्हणालीस.

आणि मी, विजू, मी म्हटलं, "तरीच. भाजीत कमी पडलं ते तिकडे गेलं असेल."

भाऊ हसले. मग तूही हसलीस. माझ्याकडे बघितलंस आणि हसलीस. मी तुझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

त्यानंतर मला किती संध्याकाळी मिळाल्या बोलायला. मी रोज ठरवायचे, आज सांगते. रोज काहीतरी गंमत सुचायची आणि मी ती सांगून मोकळी व्हायचे. कॉलेजातल्या कुजबुजी नशिराबादच्या तुझ्या एका विद्यार्थिनीच्या तोंडून घरापर्यंत आल्या. विजयाबाईंनी आकडे शिजवले म्हणे. धुळ्याला पत्र पाठवून तू तुझा निबंध परत घेतलास. तुझ्या मार्गदर्शक सरांनी पुढे तुझ्या कामावर सही करायला नकार दिला, आणि तू पीएचडी सोडलीस असं आम्हाला सांगितलंस. "जमलं नाही," म्हणालीस, जसं कुणी लोणचं जमलं नाही म्हणतं. भाऊंनी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. मी खालून स्टूल धरलं होतं. तेवढीच माझी मदत.

तू निवृत्त होईपर्यंत मुलींना शिकवत राहिलीस. वर्गातल्या त्या मुली तेराव्याला आल्या होत्या, काही तर स्वतः शिकवणाऱ्या झाल्या आहेत. एकीनं मला सांगितलं, "बाई आम्हाला पहिल्याच दिवशी सांगायच्या, भांडं धुतल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही." ती हसत सांगत होती. मी आत गेले.

मग दोन वर्षांपूर्वी तुझ्याच पोटात गाठ निघाली. आईंच्या जागीच. नाशिकला डॉक्टर म्हणाले, लहान आहे, सुई घालून जाळू, रेडिओलहरींनी. तू खाटेवर उठून बसलीस. सोन्याचे कण नव्हते, नुसती सुई, पण तू त्या तरुण डॉक्टरला इतके प्रश्न विचारलेस की तो खुर्ची ओढून बसला. सुईच्या टोकाशी ताप किती, भोवतालचं किती भाजतं, रक्त वाहतं तिथे उष्णता निघून जाते ना. तो म्हणाला, "तुम्हीपण डॉक्टर आहात का?"

"नाही," तू म्हणालीस. "राहून गेलं."

तो गेल्यावर तू मला म्हणालीस, "माहीत आहे का वहिनी, मोठमोठ्या प्रयोगशाळांतही हाच वाद झाला. तापतं ते सोनं, की पाण्यातला क्षार. मी एकटी नव्हते."

ही माझी वेळ होती. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "विजू, तुला एक सांगायचं होतं." तू माझ्या मनगटावर हात ठेवलास आणि माझ्याच माहेरच्या बोलीत म्हणालीस, "माले बठ्ठं माहीत शे, वैनी." सगळं माहीत आहे मला, असं, लहानपणी माझी नक्कल करायचीस त्याच सुरात.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "माहीत शे तर मग सांग, सुई अंगात गेली की तुझ्या पोटात गाणी लागतील का?" तू हसलीस. पोट दुखेपर्यंत हसलीस, परिचारिका रागावली. सुईनं ती गाठ गेली. दीड वर्ष बरं गेलं. मग आणखी गाठी निघाल्या, सुईच्या आवाक्याबाहेरच्या.

शेवटच्या दिवसांत मी तुला फक्त हसवत राहिले. सगळे म्हणाले, वहिनींनी शेवटपर्यंत हसवलं. मला तो गुन्हा वाटतो.

परवा तुझे मार्गदर्शक सर आले. गर्दीत यायला नको म्हणून तेरावं झाल्यावर आले. आता खूप थकले आहेत, काठी घेऊन चालतात. हातात कापडी पिशवी होती, तिच्यात तुझी ती जाड पुठ्ठ्याची वही. म्हणाले, "निवृत्त होताना विभागातून घेऊन आलो होतो. टाकवली नाही. ही तुमच्याकडे असावी."

मी चहा आणला. ते बशीकडे बघत म्हणाले, "माझी सगळ्यात नेटकी विद्यार्थिनी. तिनं तसं का केलं, हे मला इतकी वर्षं कळलेलं नाही."

भाऊ खाली मान घालून बसले होते. माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं, हसू येईल असं. मी ते गिळलं. कप टेबलावर ठेवला आणि मी म्हणाले, "तिनं केलं नाही. मी केलं. दृष्ट काढली होती बाटल्यांची, आणि ओवाळलेलं मीठ त्यात टाकलं. प्रत्येक खेपेला, ती घरी बाटल्या आणायची तेव्हा. साध्या पाण्यात टाकलं नाही."

भाऊंनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मी इथे लिहीत नाही. ती माझी मला राहू दे.

मग सरांनी वही उघडली. त्यांना पान शोधावं लागलं नाही. तुझं अक्षर. लाल बाटल्यांत मीठ आहे, साध्यात नाही, चाचणी तीनदा केली. आणि त्याखाली, मीठ कुठून आलं या रकान्यात, तू लिहिलं होतंस: "माझा निष्काळजीपणा."

"मी तिला विचारलं होतं," सर म्हणाले. "घरी बाटल्यांना कुणी हात लावतं का? म्हणाली, कुणी नाही. आणि निष्काळजी तर ती नव्हतीच. बाटली चारदा धुणारी बाई. मीठ टाकलं की पाणी तापतं, हे रसायनशास्त्राच्या बाईला माहीत नसेल? आणि नेमकं पाच बाटल्यांत, सहाव्यात नाही? मला दिसत होतं की ती खोटं बोलते आहे. मी समजलो, स्वतःला वाचवायला बोलते."

मग म्हणाले, "तेव्हा खरं सांगितलं असतं, तर तोच तिचा निष्कर्ष झाला असता. मीठच तापतं, सोन्याचं नाव उगाच, हे तिनं तेव्हाच दाखवून दिलं होतं. त्यावर मी सही केली असती."

म्हणजे तुझ्याजवळ खरं होतं, विजू, आणि ते एका वाक्यात सांगता येण्याजोगं होतं. पण त्या वाक्यात मी होते. सगळ्या विभागात हसं झालं असतं माझं, धुळ्याच्या अडाणी वहिनीनं मीठ टाकलं म्हणून. तू मला त्या हसण्यातून वाचवलंस. मी, जी जन्मभर सगळ्यांना हसवत आले, तिला लोक हसतील म्हणून तू स्वतःचं नाव दिलंस. आणि तुला पुन्हा ते दहा वर्षांचंच गणित सुचलं असेल. मला मारलं तर मी कुठे जाणार.

मी सरांना विचारलं, "यात आता लिहिता येईल का?"

"वही तिची आहे."

"मी खराब केली ती. मीच लिहिते."

त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. म्हणाले, "गिरवून खोडू नका." मी म्हटलं, "माहीत आहे. तिनंच शिकवलंय." रेघ सरळ आली. "माझा निष्काळजीपणा" यावर एक आडवी रेघ. बाजूला माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: "वहिनीनं ओवाळलेलं मीठ. विजयाला माहीत होतं, तिनं सांगितलं नाही." खाली सही, इंदू. आणि परवाची तारीख.

सर गेल्यावर भाऊ माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी मात्र त्यांनी मला स्टूल धरायला हाक मारली. माळ्यावरून पाटी काढली, वर्तमानपत्र सोडलं. पितळ काळं पडलं आहे. लावू नये, असं मी म्हटलं. तुला ती पदवी मिळाली नव्हती आणि खोटं तुझ्या नावापुढे आता मला आणखी चालणार नाही. भाऊ म्हणाले, "लावत नाही. घासतो नुसती." मग दोघं मिळून घासत बसलो. चिंच आणि मीठ घेतलं होतं. मीठ हातात घेताना मी थांबले, ते त्यांनी बघितलं. चिंचेचा गोळा माझ्याकडे सरकवून मीठ त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं.

यावलच्या तुझ्या मावसभावाला मी दुपारी फोन केला. रेडिओ कुणी पाडला ते सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही पण ना, तुमची थट्टा काही जायची नाही." मी म्हटलं, थट्टा नाही रे. त्याला पटेना, तो हसतच राहिला. शेवटी मी फोन ठेवला.

वही तुझ्या खोलीत टेबलावर उघडी ठेवली आहे, त्या पानावर. माझी रेघ बारीक आहे. तिच्याखाली तुझं "माझा निष्काळजीपणा" स्वच्छ वाचता येतं.